पिसे लावलेला माणूस

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील युवकांचे शिबिर मार्गासनीजवळ भरले होते. राजगड पाहून परतलेली मुले सायंकाळी नाटुकली सादर करीत होती. त्यांतील एकीत ‘आदिवासी’ आले: तोंडाला काजळ, डोक्यात कोंबड्याची पिसे, कमरेला आंब्याचा पाला आणि मुखी ‘झिंगालाला’चा गजर. सारे खदखदून हसले, आम्हीही हसलो. शिबिराला सरपण पुरविणारी शेजारच्या वाडीतील कातकरी बाई कडेला उभी होती. तिच्या लेकीने विचारले, “आये, ही कंची मानसं?” बाई काही बोलली नाही.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरातला कातकरी काही डोक्यात पिसे खोवीत नाही. मग ही पिसे आली कोठून? आमच्या मते, अमेरिकन घोडेस्वारांच्या चित्रपटांतून. सेमिनरीत असताना ते आम्ही मिटक्या मारीत पाहिले आहेत. जॉन फोर्ड यांच्या ‘द सर्चर्स’मध्ये (१९५६) कोमांची सरदाराची भूमिका जर्मनीत जन्मलेल्या हेन्री ब्रँडन या गोऱ्या नटाने केली, त्याच्यामागे घोडे दौडविणारे ‘कोमांची’ प्रत्यक्षात नावाहो जमातीचे होते. दोघांच्या भाषा निराळ्या, देश निराळा. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती माणसाला मंगळूरकर म्हणून उभे करावे, तशातलाच हा प्रकार! त्या काळच्या गुराख्यांत सुमारे चौथा हिस्सा कृष्णवर्णीयांचा होता, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. पडद्यावर मात्र ते अभावानेच दिसले.

फोर्ड यांच्यावर सारा दोष टाकणे मात्र अन्यायाचे होईल. याच चित्रपटातील नायकाचा वंशद्वेष हा त्यांनी शौर्य म्हणून नव्हे, तर मनाला जडलेली व्याधी म्हणून दाखविला आहे. शिवाय परक्याचे सोंग घेऊच नये म्हटले, तर नाट्यकलाच संपली. जब्बार पटेल यांच्या ‘जैत रे जैत’मध्ये (१९७७) मोहन आगाशे आणि स्मिता पाटील ठाकर झाले, त्या चित्रपटात ठाकरांविषयी तुच्छता औषधालाही नाही. तेव्हा सोंग कोणी घेतले, एवढ्यावर न्याय होत नाही. ज्याचे सोंग घेतले त्याला उलट उत्तर देण्याची सोय आहे काय, हे पाहिले पाहिजे.

‘बॉबी’तील (१९७३) मद्यपी जॅक ब्रिगांझा पाहून आपण ख्रिस्ती लोक अजूनही कुरकुरतो, आणि ते रास्तच आहे. परंतु आपणांस शाळा आहेत, सभा आहेत, हे त्रैमासिक आहे. त्या बाईजवळ काय होते? वडार समाजातून आलेल्या नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’ (२०१३) काढला, तेव्हा शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे आला. आम्ही तो चित्रपट पाहिला होता, त्याची प्रवचनातून स्तुतीही केली होती. आणि तरीही मार्गासनीला हसणाऱ्यांत आम्ही होतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाडीवर गेलो. कोळशाच्या भट्टीवर जाण्यासाठी बिऱ्हाडाची बांधाबांध चालली होती. मुलांच्या वतीने आणि स्वतःच्याही वतीने आम्ही क्षमा मागू लागलो. बाईने गाठोड्याची गाठ आवळली आणि आमचे बोलणे पुरे होऊ दिले.

“सरपनाचं पैसं ऱ्हायल्यात, सायेब,” ती म्हणाली.

खरोखरच राहिले होते. तीन दिवसांचे. आम्ही ते मोजून दिले. तिने पुन्हा एकदा मोजून घेतले.