अनाम सत्य

मुलांच्या व्यसनांची शाळेंत मोजदाद करावी कीं नाहीं, हा प्रश्न वरवर शिक्षणखात्याचा वाटला तरी मूलतः नीतीचा आहे. २०१९ सालीं भारतांत झालेल्या जागतिक युवक तंबाखू पाहणींत तेरा ते पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा ८.५ विद्यार्थी तंबाखू सेवन करणारे आढळले. गेल्या तीस दिवसांत एकदां जरी सेवन घडलें तरी विद्यार्थी या गणनेंत येतो. तेव्हां कुतूहलानें ओढलेली एक विडी व नित्याचें व्यसन यांना हा आंकडा एकाच पंक्तीस बसवितो.

रायगडच्या किनाऱ्यावर दुसरीही एक अडचण आहे. श्रीवर्धनकडील पोफळींच्या बागांत वाढलेल्या मुलाला पानसुपारी म्हणजे आल्यागेल्याचा पाहुणचार. घरांतील आजी मशेरी लावते ती दांतांसाठीं. तिचें पाहून नातूही लावूं लागला, तर ‘तूं तंबाखू सेवन करतोस काय?’ या प्रश्नास तो ‘नाहीं’ म्हणेल, आणि आपल्या समजुतीप्रमाणें तो खोटें बोलणार नाहीं. मद्याविषयीं विचारावें, तर तें त्याच्या वयास कायद्यानेंच निषिद्ध. तेथें उत्तर म्हणजे कबुलीजबाबच. आणि शाळा सोडून जो बापाबरोबर होडीवर गेला, त्याला तर वर्गांत कोणी विचारीतच नाहीं.

म्हणून अशा पाहण्यांत नांव लिहवून घेत नाहींत. सत्यास निर्भयता हवी, नांव लपवून सांगितलेलें सत्य तें कसलें, अशी शंका कोणी घेईल. परंतु निर्भयता बलवानाकडून मागावी. शाळेंतून नांव कमी होण्याचें भय ज्याला आहे त्या मुलाकडून नव्हे. युरोपांत १९९५ पासून चालत आलेल्या शालेय पाहणींत, अस्तित्वांतच नसलेल्या एका मादक द्रव्याचें नांव घालून उत्तरांची पारख करतात. सत्य मागणाऱ्यानेंच असत्याचें आमिष लावावें काय? कोणाही एका मुलास त्यांत पकडावयाचें नसतें, एवढ्यापुरतीच ती युक्ति क्षम्य होय.

उत्तरांचा गठ्ठा हातीं पडल्यास मुख्याध्यापकांना अक्षर ओळखण्याचा मोह होईल, आणि तोही मुलाच्या हिताच्या कळकळीनेंच. पण एक मुलगा असा ओळखला गेला कीं पुढील पाहणींत सारा वर्ग निर्व्यसनी ठरेल, व त्या शून्याचें कौतुकही होईल. शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत तंबाखू विकूं नये, असा २००३ चा कायदा आहे. तो मोडणारे दुकानदार, आणि त्यांच्याकडे मुलालाच पुडी आणावयास धाडणारे पालक, यांचीं नांवें मात्र अनाम राहण्याचें कांहीं कारण नाहीं.