न काढलेल्या चौतीस धावा

7 जुलै 2025. झिम्बाब्वेतल्या बुलावायो शहरात, क्वीन्स स्पोर्ट्स क्लबच्या मैदानावर जेवणाची सुट्टी झाली तेव्हा दक्षिण आफ्रिकेचा वियान मुल्डर 367 धावांवर नाबाद होता. ब्रायन लाराचा नाबाद 400 चा कसोटी विक्रम मोडायला आणखी 34 हव्या होत्या. 334 चेंडूंत 367 काढणाऱ्याला 34 म्हणजे फार तर तासाभराचं काम. सामन्याचे साडेतीन दिवस अजून शिल्लक होते. बवुमा आणि केशव महाराज जखमी असल्यामुळे कर्णधारपदही त्याच्याचकडे आलेलं, कसोटीत पहिल्यांदा. डाव कधी थांबवायचा यावर शेवटचा शब्द त्याचाच होता.

सुट्टी संपली आणि मुल्डर मैदानात आला तो फिल्डिंग करायला. 5 बाद 626 वर डाव घोषित.

फोनवर ही बातमी वाचली तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया ‘येडा आहे का हा?’ अशी होती. आमच्या ग्रुपवर दहा मिनिटांत दोन तट पडले. एका बाजूला ‘याला म्हणतात संस्कार’, दुसऱ्या बाजूला ‘हातातोंडाशी आलेला घास कोण सोडतं?’ ख्रिस गेलही नंतर दुसऱ्या तटात सामील झाला. मुल्डर घाबरला आणि घोडचूक करून बसला, असं त्याचं मत. मी दोन्हीकडे थोडा थोडा होतो आणि अजूनही पूर्णपणे कुठेच नाही.

मुल्डरने स्वतः दोन कारणं दिली. एक, धावा पुरेशा झाल्या होत्या, आता गोलंदाजी करायला हवी होती. दोन, लारा दिग्गज आहे, त्याने त्या धावा इंग्लंडविरुद्ध काढल्या होत्या, असा विक्रम तशाच मोठ्या माणसाकडे राहावा. प्रशिक्षक शुक्री कॉनरॅड यांचंही म्हणणं हेच की खरे मोठे आकडे दिग्गजांकडेच राहू देत.

पहिल्या कारणाशी माझं काही भांडण नाही. तेवढं एकच सांगून तो थांबला असता तर हा लेख लिहिलाच नसता. दुसरं कारण मात्र जितकं चघळावं तितकं कडू लागतं.

आधी त्यागाचं बघू. त्याग करायचा तर वस्तू आपली असावी लागते. त्या 34 धावा मुल्डरच्या नव्हत्याच. आदल्या दिवशी 247 वर चिवंगाने त्याचा त्रिफळा उडवला होता, पण तो नोबॉल निघाला. पाय चार बोटं मागे पडला असता तर लाराचं नावही कुणी काढलं नसतं. पण हा मुद्दा वकिली आहे. शक्यता सोडणं हेही सोडणंच असतं, आणि एवढ्या मोठ्या शक्यतेकडे पाठ फिरवायला काळीज लागतं. मान्य.

माझा अडतो तो प्रश्न वेगळा आहे. हा आदर नेमका कुणाचा?

लारा त्या मैदानावर नव्हता. मैदानावर अकरा माणसं होती, दीड दिवस उन्हात पळत होती. टॉस जिंकून आधी फिल्डिंग घ्यायचा निर्णय त्यांचाच, त्यामुळे तक्रारीलाही जागा नव्हती. समजा ‘यांना आणखी किती झोडपायचं’ म्हणून मुल्डर थांबला असता, तर ती दया झाली असती. दया खेळाडूला झोंबते, पण निदान ती समोरच्याकडे बघून केलेली असते. इथे नजर समोरच्यावरून जाऊन थेट कॅरिबियन बेटांवर पोचली. ‘त्याने इंग्लंडविरुद्ध काढल्या होत्या’ या वाक्याचा उरलेला अर्धा भाग न बोलताही ऐकू येतो: आणि मी तुमच्याविरुद्ध.

हाच सामना लॉर्ड्सवर इंग्लंडशी असता तर तो 367 वर थांबला असता? सिद्ध करता येणार नाही, पण मला तरी नाही वाटत.

झिम्बाब्वेला असं न मोजलं जाण्याची सवय आहे. 1992 मध्ये कसोटीचा दर्जा मिळाला. 2005 नंतर जवळपास सहा वर्षं ते स्वतःहून कसोटीपासून दूर राहिले. जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेत त्यांना स्थान नाही, म्हणून दोन कसोटींच्या या मालिकेला गुणही नव्हते. तीनच आठवड्यांपूर्वी लॉर्ड्सवर ते अजिंक्यपद जिंकलेला दक्षिण आफ्रिकेचा संघ आपल्या बऱ्याच मुख्य खेळाडूंना घरी ठेवून आला होता. त्यात विक्रमाच्या दारात उभा असलेला फलंदाज म्हणतो, या धावा त्या आकड्याच्या तोलाच्या नाहीत.

आणि गंमत बघा. 2003 मध्ये पर्थला मॅथ्यू हेडनने 380 काढून लाराचा त्या वेळचा 375 चा विक्रम मोडला, तो याच झिम्बाब्वेविरुद्ध. तो काही अवघडला नाही. सहा महिन्यांत लाराने 400 काढून विक्रम परत घेतला. ती खेळीही काही निर्मळ त्यागाची नव्हती. वेस्ट इंडीज मालिका आधीच हरली होती, लारा 582 चेंडू खेळला, सामना अनिर्णित राहिला, आणि विक्रमापायी विजयाची संधी घालवली अशी टीका तेव्हाही झाली. मुल्डरने जिला देव्हाऱ्यात बसवलं ती खेळी ही.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना इथे भाऊसाहेब निंबाळकर आठवतील. डिसेंबर 1948, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर 443 नाबाद. ब्रॅडमनचा 452 चा त्या वेळचा प्रथम श्रेणीतला विक्रम नऊ धावांवर. मधल्या सुट्टीत काठियावाडचा कर्णधार, म्हणजे राजकोटचे संस्थानिक, पुढे खेळायलाच तयार होईनात. विक्रमाच्या पानावर आपल्या संघाचं नाव नको, हे कारण सांगतात. संघ निघून गेला, सामना संपला. निंबाळकरांना अधिकृत कसोटी कधीच खेळायला मिळाली नाही.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला त्या संस्थानिकांचा राग यायचा. आता वाटतं, त्यांनी किमान निंबाळकरांच्या धावा खऱ्या मानल्या होत्या. घाबरले, पळाले, पण धावांची किंमत त्यांना पुरती कळली होती. बुलावायोत पळून कुणीच गेलं नाही. झिम्बाब्वे गोलंदाजी करत राहिले असते. त्यांच्या शॉन विल्यम्सने पहिल्या कसोटीत 137 आणि दुसऱ्या कसोटीत नाबाद 83 काढल्या, समोर कोण आहे म्हणून एक धाव सोडली नाही. प्रतिस्पर्ध्याला मान देण्याची मला माहीत असलेली सरळ रीत एवढीच आहे: त्याच्याशी पूर्ण खेळणं. मग त्यात तो भुईसपाट होवो.

माझ्या एका मित्राचं म्हणणं उलट आहे. तो म्हणतो, सगळं मोजत सुटलेल्या जगात एकाला ‘पुरे’ म्हणावंसं वाटलं, तर त्याला का छळता? आपण पावलं मोजतो, लाइक मोजतो, झोपेचे तास मोजतो. यावर मला नीट उत्तर सुचत नाही. ‘पुरे’ म्हणता येणं मोठंच आहे. पण ‘मला पुरे’ आणि ‘माझी पायरी इथवरच’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि बाहेरून ती सारखीच दिसतात. विक्रम म्हणजे वतन नव्हे, की अमुक घराण्यातच राहिलं पाहिजे. पुढे मुल्डरनेच सांगितलं की लाराशी त्याचं बोलणं झालं, आणि लारा म्हणाला, तू प्रयत्न करायला हवा होतास, विक्रम मोडण्यासाठीच असतात.

सामना तिसऱ्याच दिवशी संपला. झिम्बाब्वे 170 आणि 220, डाव आणि 236 धावांनी हार. मुल्डरच्या मुलाखती सगळ्यांनी घेतल्या. मला मात्र त्या दुपारचे झिम्बाब्वेचे सलामीवीर डोळ्यांसमोर येतात. अर्धं जेवण झालं असेल, कुणीतरी दारातून सांगितलं असेल, ‘त्यांनी डाव सोडला.’ मग घाईघाईत पॅड शोधणं, बांधणं. काही मिनिटांत त्यांना नवा चेंडू खेळायला उतरायचं होतं.