कुलूप

दिवाळीच्या सुमारास शेवंती फुलते, ती दिवस लहान झाले म्हणून. गांजाचे झाडही एरवी तसेच. रात्र लांबली की फुलोरा धरते. पण त्याची ‘रुदेरालिस’ नावाची एक जात रशियात सापडली. १९२४ साली यानिशेव्स्की या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. ती सूर्याकडे पाहत नाही. काही आठवड्यांचे वय झाले की फुलते. तिच्या संकराची दोन रोपे बर्लिनमधल्या माझ्या भाच्याने सज्ज्यात लावली आहेत. पहिलाच प्रयोग, म्हणून खर्च बेताचा: कुंड्या, भुसभुशीत माती आणि फुकटचे ऊन.

“मामा, यात पाप आहे का हो?” त्याने विचारले.

जर्मनीत ३१ मार्च २०२४ पर्यंत हा गुन्हा होता. १ एप्रिलपासून प्रौढ माणसाला घरी तीन झाडांची मुभा मिळाली. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने अशा लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. पाप काही एका रात्रीत फिटत नाही, की सरहद्दीवर थांबत नाही. तेव्हा कायदा पाळावा, पण या प्रश्नाचे उत्तर त्याला विचारू नये.

मी म्हटले, “फुले आली की शेजारी देशील?”

“छे! घरचे पीक दुसऱ्याला देण्यास बंदी आहे. मुलांच्या हाती लागू नये, हेही पाहावे लागते. कुलूप आणले आहे.”

बागेचे निम्मे सुख ओंजळभर फुले शेजारी देण्यात असते. ते त्याला मिळणार नाही. आणि कुलूप तर आपण औषधाच्या कपाटालाही लावतो. ते शिपायाच्या धाकाने लावले, की लेकीच्या काळजीने, एवढेच त्याने स्वतःला विचारावे.