बंदरात उतरताना

रायपूरहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. सिहाव्याच्या डोंगरात उगम पावणारी महानदी या प्रदेशाचे पाणी ओडिशातून बंगालच्या उपसागराला नेऊन घालते, एवढेच काय ते या शहराचे सागराशी नाते. तरीही भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात स्थिरावलेल्या मराठी घरांची भाषा समुद्र विसरलेली नाही. कर्ज फिटले, मुलगा मार्गाला लागला, की तारू किनाऱ्याला लागले असेच तेथे म्हटले जाते. या वाक्प्रचारात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तारू एकच असते आणि ते कोणाचे हेही ठरलेले असते. त्यात आणखी कोण बसले होते, वल्हे कोणी मारले, पाणी कोणी उपसले, याची विचारणा होत नाही. किनारा लागणे हा जणू एकट्याचाच अनुभव.

प्रत्यक्ष प्रवासात तसे घडत नाही. भारतीय नौदलाच्या सहा स्त्री अधिकारी 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून २१ मे २०१८ रोजी गोव्यालाच परतल्या. २५४ दिवसांचा हा प्रवास. नौकेची लांबी सुमारे १७ मीटर. प्रमुख वर्तिका जोशी गढवालच्या, प्रतिभा जामवाल कुलूच्या, विजया देवी मणिपूरच्या. म्हणजे निम्म्या चमूचे बालपण डोंगरांच्या सहवासातले. (समुद्रावर समुद्रकाठच्यांचाच हक्क असतो, हा समज रायपूरकरांनी तरी बाळगू नये.) केप हॉर्नचे वळण, पॅसिफिकमधील वादळ, अखेरच्या टप्प्यात सुकाणूयंत्रणा बिघडल्यामुळे मॉरिशसच्या पोर्ट लुईला घ्यावा लागलेला आसरा, या सर्वांतून ती सहाजणींची वसाहत टिकून राहिली. वसाहत हाच शब्द येथे योग्य. कारण अशा नौकेवर एक लहानसा समाजच नांदत असतो. त्याला त्याचे कायदे असतात, पहाऱ्याच्या पाळ्या असतात, रुसवेफुगवे असतात. बंदरात नांगर पडतो त्या क्षणी प्रवास तर संपतोच, पण तो समाजही विसर्जित होतो. याची दखल मात्र सहसा कोणी घेत नाही.

मग प्रश्न असा की, अशा सोबतीला मैत्री म्हणावे काय? ज्या जागेतून निघून जाणेच शक्य नाही तेथील सलोखा हा गरजेतून उपजलेला असतो. वादळात एकाने शीड उतरवले नाही तर सर्वच बुडणार. मग शीड उतरवण्यात स्नेह कोणता? ही शंका निष्ठुर वाटली तरी खोटी नाही. तिचे उत्तर समुद्रावर मिळणारही नाही. ते धक्क्यावरच मिळते, कारण निघून जाण्याची मुभा माणसाला तेथे प्रथमच लाभते.

महानदीच्याच काठी, रायपूरच्या पूर्वेस, सिरपूर आहे. तेथील आनंदप्रभू कुटी विहाराच्या विटा आजही उभ्या आहेत. अशा विहारांतून शिकवल्या जाणाऱ्या बुद्धवचनांत तराफ्याचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. गवत, काटक्या, फांद्या बांधून माणूस तराफा तयार करतो, हातपाय मारीत पैलतीर गाठतो. आता तो उपकारी तराफा डोक्यावर घेऊन पुढे चालणे शहाणपणाचे नव्हे. बुद्धाने हे धर्माविषयी सांगितले: साधन पार होण्यासाठी असते, कवटाळून बसण्यासाठी नव्हे. दृष्टान्त निर्दोष आहे. घोटाळा होतो तो त्याचा विस्तार करताना. पार झालेला माणूस सोबत्यांनाही तराफ्यातल्या काटक्या समजू लागतो आणि त्यांना पाण्यावर सोडून देण्यालाच विरक्ती म्हणतो. वस्तुतः त्याच परंपरेत आनंदाने कल्याणमित्राला श्रेयस्कर जीवनाचा अर्धा भाग म्हटले, तेव्हा बुद्धाने त्याला दुरुस्त केले: अर्धा नव्हे, संपूर्ण. तराफा सोडायचा असतो. सोबती हा तराफाच नव्हे.

महाभारताच्या अखेरीस हाच पेच अधिक दारुण रूपाने येतो. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम; आणि युधिष्ठिर मागे वळून पाहत नाही. प्रत्येकाच्या पतनाचे कारण तेवढे सांगतो. तत्त्वज्ञ म्हणून तो येथे बरोबर असेल, माणूस म्हणून तो असह्य वाटतो. पण व्यासांनी त्याला तेवढ्यावर सोडलेले नाही. स्वर्गाच्या दारी तोच युधिष्ठिर कुत्र्याला टाकून आत जाण्याचे नाकारतो. पुढे स्वर्गात भाऊ दिसत नाहीत म्हणून त्यांच्या शोधात नरकापर्यंत जातो आणि त्यांचे आक्रोश ऐकून तेथेच राहण्याचे ठरवतो. वाटेत न वळलेली मान मुक्कामावर वळते. पोचण्याची किंमत त्याला पोचल्यावरच कळते.

आधुनिक काळातले एक उदाहरण १९६८ सालच्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीचे. एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती. नऊ जण उतरले. पूर्ण केली ती एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी. त्यांची 'सुहैली' ही नौका मुंबईत बांधलेली. शर्यतीपूर्वी ती त्यांनी भाऊ आणि एक मित्र यांच्यासह मुंबईहून इंग्लंडला नेली होती. फ्रान्सचे बर्नार मॉइतेसिए यांनी परतीचे बंदरच नाकारले आणि ते ताहितीकडे वळले. पण विचार करायला लावते ती डोनाल्ड क्रोहर्स्ट यांची कथा. ते अटलांटिकबाहेर गेलेच नाहीत. आपल्या स्थानाचे खोटे वृत्त पाठवीत राहिले. जसजसे बंदर जवळ येऊ लागले, तसतशी नोंदवह्या तपासल्या जाण्याची घडीही जवळ आली. जुलै १९६९ मध्ये त्यांची नौका समुद्रात निर्मनुष्य आढळली. ज्या बंदराची इतरांना आस, तेच त्यांना अशक्य झाले. कारण बंदर हे विसाव्याचे स्थळ असण्याआधी हिशेबाचे स्थळ असते. नौकेवर दुसरे कोणी असते तर ते असत्य पहिल्याच दिवशी मोडले असते. सोबत्याचे हेही एक काम: तो साक्षीदार असतो, आणि त्याच्यादेखत माणसाला स्वतःशीसुद्धा फार काळ खोटे बोलता येत नाही.

नॉक्स-जॉन्स्टन यांनी आपल्या पारितोषिकाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला देऊन टाकले. हे दोघे सोबती नव्हते, प्रतिस्पर्धी होते. दोघांची बंदरेही निराळी. तरी पोचलेल्याने न पोचलेल्याचे देणे आपले मानले. त्याला औदार्य म्हणणे अपुरे आहे. समुद्राने दोघांना एकाच वेळी वागवले होते, त्यातला एक किनाऱ्याला लागला, आणि त्यात त्याच्या कर्तृत्वाबरोबर वाऱ्याचाही वाटा होता, ही जाणीव त्यामागे दिसते.

याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली दिलीप दोंदे २००६ साली काही धडे घेऊन आले. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेल्या 'म्हादेई' नौकेतून ते १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटेच निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. एकट्याने सागरी पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. धक्क्यावर त्यांचा गौरव झाला, तो योग्यच होता. त्यानंतर २०१२ साली अभिलाष टॉमी त्याच नौकेतून न थांबता प्रदक्षिणेस निघाले, तेव्हा किनाऱ्यावरून त्यांची पाठराखण करणाऱ्यांत दोंदे होते. 'तारिणी'च्या सहाजणींना समुद्राची पहिली ओळख करून देणाऱ्यांतही ते होते. स्वतः पोचलेला माणूस पुन्हा धक्क्यावर येऊन उभा राहिला, दुसऱ्यांच्या नौकांचे दोर सोडायला.