लोकांनी काय बदललं, तेही लिहा

2017 चा पावसाळा यवतमाळ जिल्हा विसरणार नाही. कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर त्या हंगामात शेकड्यांनी दवाखान्यांत भरती झाले. कुणाच्या उलट्या थांबेनात, कुणाला श्वास घेता येईना, कुणाला काही दिवस दिसेनासं झालं. 20 हून अधिक जण दगावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ‘ग्रिप-2’ नावाची एक मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. आरोग्य संशोधनात रुग्णांनी आणि सामान्य माणसांनी जो सहभाग दिला, त्याची नोंद शोधनिबंधात कशी करावी, हे ती सांगते. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. मला मात्र त्या शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात.

विषबाधा का झाली, याची कारणं त्या वर्षी बरीच सांगितली गेली. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. बॅटरीवरच्या नव्या पंपांतून फार बारीक तुषार उडत होते. दोन-तीन औषधं एकत्र कालवली जात होती. मजुरांनी मास्क आणि हातमोजे घातले नव्हते. ही कारणं खोटी नाहीत, पण ती मांडली डॉक्टरांनी, कृषी खात्याने आणि चौकशी पथकाने. दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबसारख्या गावात पाठीवर पंप घेऊन तासामध्ये उतरणारा माणूस हीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सुरू करील. पाऊस उघडल्यावरच्या दमट उकाड्यात तोंडाला मास्क किती वेळ टिकतो? वारा फिरला तर मध्येच थांबायची मुभा मजुराला असते का? ड्रममध्ये पाणी आणून ओतणाऱ्या बाईच्या हाताला काय लागतं? मजुरांना या गोष्टी रोज भेटतात. संशोधनाच्या प्रश्नावलीत त्या येतील की नाही, हे ती प्रश्नावली तयार होताना तिथे कोण बसलं होतं, यावर ठरतं.

लोकांना निर्णयात सामील करावं, हा विचार एका दिवसात जन्मला नाही. 1969 साली शेरी अर्न्स्टीन या अमेरिकी अभ्यासक महिलेने नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या पायऱ्यांवर लोकांची फक्त समजूत काढली जाते आणि वरच्या पायऱ्यांवर निर्णय त्यांच्या हाती येतो. पुढच्याच वर्षी डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं आणि गावातल्या, बहुतेक निरक्षर, बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभं केलं. 1978 च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याने आरोग्यसेवेच्या आखणीत भाग घेणं हा लोकांचा हक्क आणि कर्तव्यही आहे, असं म्हटलं. तरीही ही सगळी चर्चा सेवेची होती. संशोधनाचा प्रश्न कोणता असावा, हे ठरवणं अजून तज्ज्ञांकडेच होतं.

त्या भिंतीला आपल्याकडे पहिला मोठा तडा गडचिरोलीत गेला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. सुरुवातीला त्यांनी आदिवासींमधल्या सिकलसेल आजाराचा अभ्यास केला. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने तो महत्त्वाचा होता, पण लोकांनी त्यात फारसा रस घेतला नाही. विषय आपण निवडला होता, लोकांनी नव्हे, हे बंग यांनी पुढे स्वतःच मोकळेपणाने मांडलं. त्याउलट राणीताईंनी बायकांशी बोलून वसा आणि अमिर्झा या गावांत जो अभ्यास केला, त्याचा निबंध 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. 650 स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा एक तरी त्रास होता आणि त्याआधी जेमतेम 8 टक्क्यांची तशी तपासणी झाली होती. तोवर ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धरलं जाई.

दवाखान्याचंही तसंच झालं. पांढऱ्या कपड्यांची, मोठ्या इमारतीची आदिवासींना भीती वाटे आणि आजाऱ्यासोबत घरच्यांनाही राहता यावं, अशी त्यांची इच्छा होती. म्हणून ‘सर्च’च्या शोधग्राममधला दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला गेला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. लोकांच्या सांगण्यावरून नेमकं काय बदललं, हे इथे बोट ठेवून दाखवता येतं. मला ही गोष्ट मोलाची वाटते ती याच कारणासाठी.

दरम्यान पश्चिमेत हीच लढाई रुग्ण स्वतः लढत होते. 1983 मध्ये डेन्व्हरला एड्सच्या रुग्णांनी, आपल्याविषयीच्या प्रत्येक निर्णयात आपल्याला जागा हवी, असं जाहीर केलं. 1988 मध्ये कार्यकर्त्यांनी अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या कार्यालयाला वेढा घातला आणि औषधांच्या चाचण्या कशा आखल्या जातात, याचा जाब विचारला. ब्रिटनने 1996 मध्ये संशोधनातल्या लोकसहभागासाठी सल्लागार गट नेमला. मग सहभाग ही चांगल्या संशोधनाची अटच होऊन बसली आणि त्यासोबत एक नवा रोगही आला. निबंधाच्या शेवटी ‘रुग्णांशी सल्लामसलत केली’ असं एक वाक्य टाकलं की काम भागू लागलं. किती रुग्णांशी, कधी, त्यांनी काय सांगितलं, त्यातलं काय स्वीकारलं, याचा पत्ता लागेना.

‘ग्रिप-2’ आली ती यावर उपाय म्हणून, आणि ती तयार करताना रुग्णांनाही सोबत घेतलं गेलं. तिच्या विस्तृत रूपात 34 मुद्दे आहेत, संक्षिप्त रूपात पाच. लोकांना का सामील केलं? कसं केलं? त्यातून काय निष्पन्न झालं, चांगलं आणि वाईटही? एकूण अभ्यासावर त्याचा किती परिणाम झाला? आणि काय जमलं, काय जमलं नाही? मला शेवटचा मुद्दा सर्वांत मोठा वाटतो. बैठकीला मजूर आले नाहीत, कारण दिवसाची मजुरी बुडत होती, असं प्रांजळपणे लिहिलं, तर पुढचा संशोधक मजुरीची भरपाई धरूनच अंदाजपत्रक करील. ते लिहिलं नाही, तर तीच चूक पुन्हा होईल आणि ‘लोकांना रस नाही’ असा शेराही बसेल.

लोकसहभागाच्या बाबतीत महाराष्ट्र मागासलेला नाही. 2007 पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. लोकांनी आपल्या उपकेंद्राला, आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा दिला आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर पुरावे मांडले. पुरावा गोळा करणं आणि तो मांडणं गावाला जमतं, हे तिथे सिद्ध झालं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या नीतितत्त्वांतही समुदायाच्या सहभागाला स्थान आहे. म्हणजे सहभागाची परंपरा आपल्याकडे आहे आणि तिला नियमाचा आधारही आहे. उणीव आहे ती नोंदीची.

ही उणीव किरकोळ नाही. यवतमाळ, वाशिम, अमरावती या भागावर आत्महत्यांपासून विषबाधेपर्यंत किती सर्वेक्षणं झाली! घराघरांतून माहिती गोळा झाली, अंगठे आणि सह्या घेतल्या गेल्या, निबंध इंग्रजीत छापले गेले. ज्या बाईने नवऱ्याच्या मृत्यूची हकिगत अनोळखी माणसासमोर सांगितली, तिच्यापर्यंत त्यातलं काय परत आलं? तिच्या एखाद्या वाक्यामुळे अभ्यासाची दिशा वळली असेल, तर त्याचं श्रेय तिला मिळायला हवं. तिचं म्हणणं बाजूला सारलं असेल, तर ते का, हेही तिला कळायला हवं. नोंद नसेल तर श्रेय मिळत नाही आणि जाबही विचारता येत नाही.

यासाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी प्रबंध लिहितात आणि त्यातले कितीतरी आसपासच्या गावांतल्या रुग्णांवर आधारलेले असतात. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने अशा प्रत्येक प्रबंधात लोकसहभागाचं एक पान सक्तीचं करावं आणि ते ‘ग्रिप-2’च्या पाच प्रश्नांवर उभं असावं. त्या पानाची मराठी प्रत, रुग्णांची ओळख उघड न करता, संबंधित ग्रामपंचायतीत जावी आणि ग्रामसभेत वाचली जावी. फवारणीवर अभ्यास करायला उद्या कुणी बोरी अरबला आलं, तर प्रश्नावली छापण्याआधी पंप पाठीवर घेणाऱ्यांना आणि पाणी भरणाऱ्या बायकांना मजुरी देऊन बसवावं, त्यांनी खोडलेले आणि घातलेले प्रश्न निबंधात दाखवावेत. गावानेही एक सवय लावून घ्यावी. माहिती देण्याआधी विचारावं की आमच्या सांगण्याने तुमच्या अभ्यासात काय बदलेल, आणि अभ्यास संपल्यावर त्याचं उत्तर लेखी मागावं.