साथ आणि हजेरीपट

रोगाची साथ ओसरली म्हणजे सरकार, नगरपालिका आणि वैद्यमंडळी यांच्या कर्तबगारीचा हिशेब मांडण्याची आपली रीत आहे. परंतु साथीचा निकाल ज्या कागदावर पुष्कळदा लागतो, त्या कारखान्याच्या हजेरीपटाकडे सहसा कोणी पाहत नाही. एरवी हजेरी हे कर्तव्य आणि गैरहजेरी हा कसूर. साथीत हा न्याय उलटतो, आणि तापाने फणफणलेला कामगार घरी राहिला, तर तो शेजारच्या साच्यांवर उभ्या असलेल्यांचेही रक्षण करीत असतो. अशा माणसाच्या नावापुढे खाडा मांडून त्याचा रोज कापणारा मालक काटकसर केल्याच्या समाधानात असतो. वस्तुतः उद्या अंगात ताप असतानाही कामावर ये, असा हुकूमच त्याने दिलेला असतो.

मुंबईने हे फार पूर्वी अनुभवले आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचे निदान केले, आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून गेली. महिन्याचा पगार काही आठवडे अडकवून ठेवण्याचा, म्हणजे मध्येच निघून जाणाऱ्याची कमाई तिजोरीतच राहावी, असा गिरण्यांचा रिवाज होता. मृत्यूच्या भयापुढे हा अंकुश निकामी ठरला, आणि त्याच मालकांना नाक्यानाक्यावर मजुरांसाठी चढाओढ करून रोजच्या रोज रोख मजुरी मोजावी लागली. गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे याच प्लेगात १८९७ साली वारले. विश्रांतीची सुटी पदरात पडली होती. आजाराच्या सुटीचा प्रश्न तसाच राहिला. त्याच साली झालेल्या साथरोग कायद्यात तपासणीचे व अलगीकरणाचे अधिकार होते, हुकूम मोडणाऱ्यास शिक्षाही होती. अलग ठेवलेल्याच्या घरी चूल कशी पेटावी, याविषयी अवाक्षर नव्हते.

१९४८ च्या कायद्यांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. कारखान्यात वर्षभर काम करणाऱ्यास दर २० दिवसांमागे एक दिवसाची भरपगारी रजा मिळू लागली, आणि राज्य कामगार विमा योजनेतील आजारी कामगारास वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सुमारे ७० टक्के रक्कम मिळण्याची तरतूद आहे. परंतु विम्याची ही व्यवस्था वैद्यकीय प्रमाणपत्रावर चालते. घरात रुग्ण निघाल्यामुळे अडकून पडलेला, स्वतः मात्र धडधाकट असा माणूस तिच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

२०२० साली केंद्राने २९ मार्चला, टाळेबंदीत कोणाचेही वेतन कापू नये, असे फर्मान काढले आणि मे महिन्यात ते मागे घेतले. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांना आपसांत तडजोड करण्यास सांगितले. ज्याचे यंत्रच बंद पडले, त्या लहान कारखानदाराने पगार कोठून आणावा, हा सवाल रास्त होता. पण त्याचे उत्तर सगळा भार कामगारावर टाकणे हे नव्हे. पहिल्या काही दिवसांचा भार मालकाने आणि पुढचा विम्याने वा सरकारने उचलावा, हा वाटा साथ येण्यापूर्वीच ठरलेला असला पाहिजे.

आणि वाचकहो, मालक म्हणजे केवळ गिरणीवाला नव्हे. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंना सोसायटीच्या फाटकावर अडवले गेले, तेव्हा त्यांचा हजेरीपट आपल्याच हाती होता. त्या महिन्याचा पगार कोणाकडून थकला असेल, तर तो या दिवाळीच्या बोनसमध्ये न मिसळता वेगळा मोजून द्यावा. कारण तो बक्षीस नव्हे, देणे आहे.