कात टाकण्याआधीचे दिवस

एखाद्या गावाने, एखाद्या माणसाने ‘कात टाकली’ असं आपण किती कौतुकाने म्हणतो! पण कात टाकण्याआधी साप कसा असतो, हे तुम्ही कधी वाचलंय का? सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही निघून येतो. त्याआधी काही दिवस जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साठतो आणि डोळे दुधाळ, निळसर होतात. सापाला धड दिसत नाही. तो बहुधा खातही नाही, आडोशाला पडून राहतो. डिवचलं तर चटकन चिडतो.

हे मी वाचलं ते डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या वन बेडरूममध्ये, तिसऱ्यांदा रोड टेस्ट नापास होऊन आल्यावर. (आमच्या क्लस्टरचं नाव झेन. घ्या शांती!) वय ४६. पुण्यात २० वर्षं स्कूटर चालवलेली. इथे रस्त्याची बाजू उलटी, लेन बदलताना मान वळवून मागे बघायचं आणि शेजारचा परीक्षक अवाक्षर बोलत नाही. नापास झालं की पुन्हा जादा क्लास, पुन्हा फी. नवऱ्याला सांगितलं, कारण पैसे लपत नाहीत. लेकीला मात्र म्हटलं, “तारीख पुढे गेली गं.”

त्याच आठवड्यात ती गणितात नापास होऊन रडत आली. मी तिला जवळ घेऊन सांगितलं, की नापास व्हायला घाबरायचं नसतं.

तुम्ही म्हणाल, बिघडलं कुठे? साप तरी चव्हाट्यावर कात टाकतो का? खरंय. हळव्या दिवसांत आडोसा लागतोच आणि प्रत्येक धडपड चारचौघांत मांडलीच पाहिजे असं मला मुळीच वाटत नाही. पण “मला आत्ता बोलायचं नाहीये” म्हणणं हा आडोसा झाला. “तारीख पुढे गेली” हे खोटं होतं आणि त्याची किंमत लेक मोजत होती. घरात नापास होणारी आपण एकटीच, असं ती समजून चालली होती.

थोरांच्या बाबतीतही आपण टाकलेली कातच तेवढी जपतो. आनंदीबाई जोशी म्हटलं की १८८६ मधली फिलाडेल्फियाची डॉक्टरकी आठवते. पण १८८३ मध्ये, अठराव्या वर्षी, नवऱ्याविना बोटीत बसलेल्या त्या मुलीला तिथल्या थंडीत साडी कशी नेसावी याचासुद्धा विचार करावा लागला होता. ते दिवस शाळेच्या पुस्तकात क्वचितच येतात. कदाचित म्हणूनच आपल्याला आपलं चाचपडणं लाजिरवाणं वाटत राहतं.

शुक्रवारी संध्याकाळी मेट्रो स्टेशनकडे चालताना मी लेकीला सांगितलं.

“किती वेळा?”

“तीन.”

“म्हणजे तारीख पुढे गेलीच नव्हती.”

“नाही.”

ती रागावली होती. सिग्नलपर्यंत आम्ही दोघी गप्प चाललो. मग तिने विचारलं, “चौथी कधी आहे?”

“मंगळवारी.”

“आणि परत नापास झालीस, तर त्याच दिवशी सांगशील?”

मी हो म्हटलं. मंगळवारला अजून तीन दिवस आहेत आणि माझ्या पोटात आत्तापासूनच गोळा आलाय.